आधी उजवा खांदा

यंदाही एप्रिलात सलग आठ दिवस ऊन पडलं. आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावात ही बातमी असते. दुकानात, टपाल कचेरीत जो तो दुसऱ्याला ऊन पडल्याचं सांगतो, जणू समोरच्याच्या घराला खिडकीच नाही. आमच्या वसाहतीच्या मागे काटेरी झुडपांची लांबच लांब रांग आहे. तिला पिवळीधमक फुलं येतात आणि ऊन तापलं की त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास सुटतो. आता तो वास आला की मी खिडकी लावून घेते आणि पाच मिनिटांनी मीच ती पुन्हा उघडते.

हा शोध माझा नव्हे, आईचा. मी सहा वर्षं या घरात राहत होते आणि ती फुलं मला नुसती पिवळी दिसायची. आई आली तो जानेवारी होता, २०२० चा. तीन महिन्यांसाठी आली होती. मार्चात सगळं बंद झालं, विमानं थांबली, आणि एप्रिलातल्या एका सकाळी ती मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "कोण खोबरं भाजून राह्यलं वं इथं?" मी हसले. नाक त्या झुडपाजवळ नेलं, तर खरंच.

आई अकोल्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला तिनं. शाळेत ती पुस्तकातलं मराठी बोलायची आणि शाळेचं फाटक ओलांडलं की वऱ्हाडी. मी पुण्याला शिकले, तिथून इकडे आले, आणि माझी वऱ्हाडी कुठल्या तरी स्टेशनावर राहून गेली. ती बोलायची तेव्हा माझ्या मैत्रिणींना गंमत वाटायची आणि मला, खरं सांगायचं तर, थोडी लाज. लाजेचा हा धागा पुढेही आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या वसंतात सत्तरीपुढच्या सगळ्यांना सरकारनं घरात बसायला सांगितलं होतं. त्याला इथं ‘कोकूनिंग’ म्हणायचे. आईला मी अर्थ सांगितला, कोशात बसणं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी अळी." आई एकाहत्तर वर्षांची आणि शेजारची ब्रीडा एकोणऐंशीची. दोन घरांच्या मध्ये कमरेइतकी सिमेंटची भिंत. भिंतीच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक, मध्ये मोजून दोन मीटर. सकाळी अकराला दोघी अळ्या आपापला चहा घेऊन बाहेर यायच्या.

ब्रीडाचं नाव आईला कधीच ब्रीडा ऐकू आलं नाही. तिनं पहिल्याच दिवशी वृंदा केलं. "तुळशीचं नाव आहे तिचं," ती मला कौतुकानं म्हणाली. मी दोनदा दुरुस्त केलं, मग नाद सोडला. ब्रीडाची तक्रार नव्हती. तीही आईला ‘सूमन’ म्हणायची. आईचं इंग्रजी म्हणजे गुड मॉर्निंग, सिट डाऊन आणि व्हेरी गुड, बाकी सगळी वऱ्हाडी. ब्रीडाचं इंग्रजी इथल्या क्लेअर परगण्यातल्या खेड्यातलं, मलाही निम्मं कळायचं. तरी तासभर गप्पा. एकदा ब्रीडा म्हणाली, कप ‘प्रेस’मध्ये आहेत. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. आईनं आत येऊन मला काळजीनं सांगितलं, की वृंदा बिचारी कपाला इस्त्री करते, वय झालं तिचं.

एके दिवशी अकरा वाजता मोठ्या रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली. त्या दिवसांत सारख्या जायच्या. ब्रीडानं कप भिंतीवर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं कपाळाला लावली, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या. दोन सेकंदांचं काम. पुन्हा कप उचलला. आई आत आली.

"काय करून राह्यली वं वृंदा? चष्मा शोधते का?"

मी सांगितलं. क्रुसाची खूण. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घेऊन करतात. चर्चवरून जाताना, स्मशानावरून जाताना, कुणाचं वाईट कळलं की. माझ्याकडे एवढंच ज्ञान होतं. सहा वर्षं मी बसमध्ये ते बघत होते, चर्च आलं की चार-पाच हात वर जायचे आणि खाली यायचे, आणि मी माझ्या फोनमध्ये बघत बसायचे.

"म्हणजे आपण देवळावरून जाताना छातीले हात लावतो तसंच," आई म्हणाली.

"तसंच."

"मंग सोप्पं आहे."

दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिका गेली तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हात वर गेले. कपाळ, छाती, आणि आईनं आधी उजवा खांदा शिवला, मग डावा. उलटं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ब्रीडाला काय वाटेल? आई चहाचा कप घेऊन आत आली तशी मी म्हटलं, "आई, उलटं केलंस. डावा खांदा आधी असतो."

"मले शिकवू नको. तिचा हात या अंगाले आधी गेला, मी बी या अंगाले नेला."

मग तिनं मला समजावून सांगितलं, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. पहिलीची पोरं समोर बसलेली असतात. बाईंनी उजवा हात वर केला की पोरं डावा करतात, कारण त्यांना बाई आरशातल्यासारख्या दिसतात. म्हणून चांगली बाई तोंडानं म्हणते उजवा, आणि स्वतः वर करते डावा. मग अख्ख्या वर्गाचे उजवे हात बरोबर वर जातात. पस्तीस वर्षं आई हेच करत आली होती. तिच्या मते वृंदाही बाईच होती, समोर बसून शिकवणारी, आणि अशा वेळी समोर दिसेल तसं करायचं असतं. हात मात्र उजवाच. "डावा हात देवाले कसा लावू?"

ब्रीडानं कधी हटकलं नाही, आईही सुधारली नाही, आणि रुग्णवाहिका तर रोज जातच होत्या. पुढे पुढे आईनं तिला आपली विद्याही शिकवली. ब्रीडा एका सकाळी नवा निळा स्वेटर घालून आली तर आईनं दोन मीटरवरूनच हात ओवाळून तिची अलाबला घेतली आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. ब्रीडानं लगेच करून पाहिलं. तिची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली, एकही मोडेना. दोघी हसून हसून खुर्चीत मागे रेलल्या. मी कामाच्या मीटिंगमध्ये होते, खिडकी बंद करून घेतली.

आता वाटतं, त्या वसंतात मी किती खिडक्या बंद केल्या.

मे महिन्यात आमच्या पलीकडच्या रांगेतले एक आजोबा गेले. इथं कुणी गेलं की लोक घरी जातात, रांग लावून प्रत्येकाचा हात हातात घेतात आणि एकच वाक्य म्हणतात, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’. चहा होतो, सँडविचेस होतात, गेलेल्या माणसाच्या खोड्या सांगून हसतातसुद्धा. त्या वर्षी यातलं काहीच नव्हतं. चर्चमध्ये दहा माणसं, बास. तेव्हा लोकांनी काय केलं, तर शववाहिका वसाहतीतून माणसाच्या चालीनं न्यायची ठरवली आणि सगळे आपापल्या फाटकाशी येऊन उभे राहिले. गाडी समोर आली की एकेका घरासमोर हात वर जायचा. कपाळ, छाती, डावा, उजवा. ऊन असं लख्ख होतं की काळ्या गाडीत आमची सगळ्यांची घरं दिसत होती.

आम्हीही उभे होतो, मी आणि आई. नवरा हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. गाडी आमच्यासमोर आली आणि आईचा हात वर गेला. कपाळ. छाती. मी पाहिलं, समोरच्या फाटकातली माणसं आमच्याकडेच बघत होती. आणि मी तिचा हात मनगटाशी धरला आणि खाली केला.

जोरात नाही. पण खाली केला.

घरात आल्यावर मी तिलाच बोलले. म्हटलं, हे त्यांचं आहे, आपलं नाही. तेही उलटं करतेस, तेही प्रेतासमोर. त्यांना थट्टा वाटेल.

"वृंदाले तं इतक्या दिवसांत काही वाटलं नाई," आई म्हणाली. "तुलेच काहून वाटते?"

उत्तर नसलं की मी टोचून बोलते, ही माझी लहानपणापासूनची खोड. मी म्हटलं, "तू इथं पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी राहा."

तिनं परातीत कणीक घेतली आणि मळायला लागली. दोन दिवस भिंतीकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशी ब्रीडानं भिंतीवरून मला हाक मारून विचारलं, "तुझी मॅम बरी आहे ना? माझं काही चुकलं का?" इथं आईला मॅम म्हणतात. मी म्हटलं, नाही, ती ग्रँड आहे, म्हणजे अगदी मजेत. आईला मी तेव्हा सॉरी म्हणायला हवं होतं. आपण घरातल्या माणसाला सॉरी म्हणत नाही, चहा करून देतो. मी चहा करून दिला. ती प्यायली, आणि अकराला पुन्हा बाहेर जाऊन बसली. पण मी खिडकीत असले की रुग्णवाहिका गेल्यावर तिचा हात मांडीवरच राहायचा.

जुलैत खास विमानं सुटू लागली. नवरा रोज वॉर्डातून घरी यायचा, दारातच कपडे बदलायचा, तरी मला धडकी भरायची. हा आणील आणि आईला होईल. अकोल्याला घर मोकळं, चुलतभाऊ विजूदादा दोन घरं सोडून, तिथं ती सुखरूप राहील. मी तिला विमानात जागा मिळवली. हे कारण खरं होतं. आणि सात महिन्यांत माझं घर माझं राहिलं नव्हतं, मला माझी खिडकी हवी होती, हेही खरं होतं. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

"वृंदाच्या टमाट्याले रंग येतवरी तं राहू दे," आई म्हणाली. ब्रीडाच्या काचेच्या छोट्या खोपटात टोमॅटोची रोपं होती. दोघींनी मिळून बी लावलं होतं, म्हणजे एकीनं लावलं आणि दुसरीनं भिंतीपलीकडून सूचना दिल्या.

मी म्हटलं, "आई, टोमॅटो अकोल्यालाही मिळतात."

निघायच्या सकाळी ब्रीडा लेमोनेडच्या जुन्या बाटलीत पवित्र पाणी घेऊन आली आणि भिंतीवरून तिनं आमच्या गाडीवर शिंपडलं, टपावर, काचेवर, थोडं माझ्या डोक्यावर. इथल्या म्हाताऱ्या बायका घरातून निघणाऱ्या माणसावर असं पाणी शिंपडतात. आईला ते समजावून सांगावं लागलं नाही. तिनं हात जोडले, ब्रीडानंही हात जोडले. डब्लिनच्या विमानतळावर सोडायला आलेल्यांना दारातच थांबवत होते. आई मास्क लावून, ट्रॉली ढकलत आत गेली आणि काचेपलीकडून वळली. तिनं हात वर नेला. बोटं कपाळाला लावली, मग छातीला. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग तोच हात तिनं हलवून टाटा केला.

मीही टाटा केला. आईला मी प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

ऑगस्टात ब्रीडानं भिंतीवर टोमॅटोचा वाडगा ठेवला. "तुझ्या मॅमचे," म्हणाली. मी आईच्या खुर्चीत बसले. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच बसले तिथं. मी माफी मागून टाकली, आई ती खूण उलटी करायची त्याबद्दल.

ब्रीडानं मलाच विचारलं, "उलटी कुठे? माझं छप्पर दुरुस्त करायला रुमानियाचा माणूस यायचा, तो तशीच करायचा. त्यांच्या चर्चमध्ये तशीच करतात."

रात्री मी वाचून काढलं. सगळ्यात आधी म्हणे ही खूण एवढी मोठी नव्हतीच. ख्रिस्ती माणसं अंगठ्यानं कपाळावर लहानसा क्रूस रेखायची, कुंकू लावावं एवढासा. मग तो कपाळावरून छातीवर, खांद्यांवर पसरत गेला. पूर्वेकडच्या चर्चमध्ये आजही उजवा खांदा आधी असतो. सात-आठशे वर्षांपूर्वीपर्यंत पश्चिमेकडेही तसंच करत. मग इकडे डावा आधी झाला, आणि का झाला ते नक्की कुणाला ठाऊक नाही. एक तर्क वाचला आणि मी तो पुन्हा वाचला. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून हवेत क्रूस काढायचा, आणि समोरचे लोक त्याच्या हाताबरोबर आपला हात न्यायचे, आरशातल्यासारखा. त्यामुळे बाजू बदलली असावी. म्हणजे आईनं केलेली चूक तिच्या आधी अख्ख्या युरोपानं करून ठेवली होती.

मी हे ब्रीडाला सांगितलं. तिला इतिहासाचं फार काही वाटलं नाही. खुणेचा अर्थ विचारला, तर ती म्हणाली, "अर्थ पुस्तकात असेल. मला एवढंच माहीत आहे, काही करता येण्यासारखं नसतं तेव्हा हाताला काहीतरी काम लागतं." मग मला ‘पेट’, म्हणजे इथलं लाडाचं ‘बाळा’, म्हणत तिनं सांगितलं, "आम्ही जमिनीकडे बघून करतो, पेट. सवयीनं. तुझी मॅम माझ्याकडे बघून करायची. म्हणून तिची बाजू बदलायची."

फोनवर हे आईला सांगायचं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. दर रविवारी फोन व्हायचा, वृंदा कशी आहे, थंडी आहे का, टमाटे संपले का. दर रविवारी वाटायचं, प्रत्यक्ष भेटल्यावर नीट सांगू. समोर बसवून, हात धरून. पुढच्या उन्हाळ्यात.

पुढचा एप्रिल आला, झुडपं पिवळी झाली, आणि अकोल्यात विजूदादानं दोन दिवस फिरून आईसाठी हॉस्पिटलात एक खाट मिळवली. तिनं व्हिडिओवर मास्कमधूनच मला विचारलं, जेवली का. मी तिकीट काढलं. चाचणी झाली. अहवालाची वाट बघत असतानाच विजूदादाचा फोन आला. इथं तेव्हा पहाट होती. तो म्हणाला, आपल्या हातात काही देत नाहीत, आतही सोडत नाहीत. लांबूनच बघायचं. उद्या दुपारी दोनचा स्मशानात नंबर लागलाय. तू येऊन काय करशील?

मी तिला पाठवलं होतं, सुखरूप राहावी म्हणून. हे वाक्य त्या दिवशी माझ्या डोक्यात फिरत होतं आणि अजून ते थांबलेलं नाही. नवरा म्हणाला, तुझा काय दोष. दोष नाही हे मलाही कळतं. कळून काय करू?

संध्याकाळी भिंतीशी जाऊन मी ब्रीडाला सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मग, इथली माणसं नेहमी विचारतात तेच विचारलं, "किती वाजता?"

"अकोल्यात दोन. म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. पण इथून काही दिसणार नाही, ब्रीडा. काहीच नाहीये."

"साडेनऊ," ती म्हणाली आणि आत गेली.

सकाळी मी आंघोळ केली. देवासमोर दिवा लावला, जो एरवी मी लावत नाही. नवऱ्यानं हात जोडले, मी जोडले, पण माझे हात काहीतरी विसरल्यासारखे होते. सव्वानऊला पाणी प्यायला उठले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

सगळ्या फाटकांशी माणसं उभी होती. आमच्या रांगेत, समोरच्या रांगेत. काळे कोट घातलेली, ऊन असूनही. एकानं टोपी काढून हातात धरली होती. टपालवाल्यानं गाडी बाजूला लावून इंजिन बंद केलं होतं. रस्ता रिकामा होता, शववाहिका येणार नव्हती, कधीच येणार नव्हती, हे त्यांना सगळ्यांना माहीत होतं. तरी ते उभे होते. बहुतेकांनी आईला भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेली बाई म्हणूनच पाहिलं असेल.

आम्ही दारात आलो. मी चपला न घालताच फाटकापर्यंत गेले. खोबऱ्याचा वास येत होता. साडेनऊ वाजले हे मला समोरच्या घरांवरून कळलं, कारण एकेक हात वर गेला. कपाळ, छाती, डावा, उजवा. त्यांच्या माना खाली होत्या.

ब्रीडा तिच्या फाटकाशी नव्हती. ती भिंतीशी उभी होती, काठी खुर्चीला टेकवून, माझ्याकडे तोंड करून. तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत तिनं वाकडी बोटं कपाळाला लावली. मग छातीला. मग सावकाश, मला नीट दिसावं अशा बेतानं, आधी उजव्या खांद्याला. आणि मग डाव्या.

माझा हात मी उचलल्याचं मला आठवत नाही. तिचा हात जाईल तिकडे तो जात होता, पहिलीतल्या पोरीचा जावा तसा. कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा. मी रडत होते आणि मला वाटत होतं, मीही आईसारखीच चुकले असणार.

"माझं उलटं झालं का?" मी विचारलं.

"नाही, पेट," ब्रीडा म्हणाली. "तुझं बरोबर झालं. उलटं मी केलं."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो उजव्या खांद्यावर होता, जिथं संपायचा तिथंच. मग मी तो खाली घेतला, माझा मीच. मध्येच कुणी धरला नव्हता.